पहिली फांदी

किनाशी
मे महिन्याची अठरा तारीख

झाड पाठवलंस, कुंडी पाठवलीस, तुमच्या वखारीच्या सोया सॉसच्या बाटल्या पाठवल्यास, आणि तेवढ्या सामानात तुझ्या हातची एक ओळ नाही. गाडीवाल्याला विचारलं, निरोप काय? तो म्हणाला, ‘जपून उतरवा, एवढंच सांगितलंय.’ इतक्या वर्षांनी झाड माहेरी येतं आणि त्याच्याबरोबर काय येतं, तर हमालाला द्यायची सूचना. बाटल्या मी शेजारी वाटून टाकल्या. आमच्याकडे दुसरा सॉस लागतो.

आता पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते लिहिते. भातखाचरांत पाणी सोडलंय. बेडूक ओरडतायत. डोंगराकडून वारा बरा येतो. तुझी तब्येत ठीक असेल, तुझी नेहमी ठीकच असते. माझे गुडघे गेलेत, दात शाबूत आहेत. माझा योशिहारू बोन्सायची बाग चांगली सांभाळतो आणि माझं ऐकत नाही, म्हणजे तयार झाला. आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला तू फुलं पाठवली होतीस. कार्डावर फुलवाल्याचं अक्षर होतं.

सुएनो, मला ती अवघड चिनी वळणाची अक्षरं येत नाहीत म्हणून हे सगळं साध्या, पोरांच्या अक्षरांत लिहितेय. तू शिकलेली. तुला वाचायला त्रास होणार नाही. सुनेला वाचून दाखवायला सांगू नकोस, चष्मा लाव आणि स्वतः वाच.

तर झाडाचं.

मार्चमध्ये आलं तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. पाइनच्या सुया पिवळट, पाणी घातलं की वरच तळं साचायचं, खाली उतरायचंच नाही. मुळांनी कुंडी इतकी भरलेली की झाड वर उचललं गेलं होतं, बुडाला गादी घातल्यासारखं. शेवटची कुंडी कधी बदलली होती? तुमचा जुना माळी गेला त्याच्या आधी असणार. आणि ती कुंडी तरी काय. निळी, चकचकीत. काळ्या पाइनला निळी चकचकीत कुंडी म्हणजे मठातल्या म्हाताऱ्या बुवाला नवरीचा शालू. पाइन नेहमी मातकट, न रंगवलेल्या कुंडीत बसवतात, हे आमच्याकडे शेंबडी पोरं सांगतील. तुझ्या यजमानांनी हौसेनं महागडी आणली, आणि त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही. श्रीमंताच्या घरी चूक झाली की तिला आवड म्हणतात.

रित्सुकोला मात्र मानलं पाहिजे. सून तुझी हुशार आहे. तिनं कोठार उपसून तपकिरी कुंडी शोधून काढली आणि झाडाबरोबर पाठवली. फोनवर म्हणाली, ‘मावशी, सासूबाईंच्या सत्त्याहत्तरीला झाड बैठकीच्या कोनाड्यात ठेवायचंय. सगळं गाव येणार आहे. तुमच्या हातून कुंडी बदलून मिळाली तर सासूबाईंना बरं वाटेल.’ मी विचारलं, असं ती म्हणाली का? तर म्हणाली, ‘त्या काही म्हणाल्या नाहीत.’ खोटं बोलता येत नाही तिला. तुमच्या घरात कशी टिकली कोण जाणे.

ती कुंडी कुठली, हे तिला माहीत नव्हतं. तुला आहे. बाबांनी तुझ्या लग्नात झाड ज्या कुंडीत पाठवलं ती ती. कडेला टवका आहे बघ. तुला द्यायच्या आधी गाडीत चढवताना माझ्या हातातून निसटली होती आणि आईनं सगळ्यांदेखत माझा उद्धार केला होता. ‘हिच्या हातात काही देऊ नका,’ म्हणाली. वऱ्हाडी मंडळी हसली. तूही हसलीस, लग्नाच्या किमोनोच्या बाहीत.

मी झाड फळीवर घेतलं, तार कापली, आणि निळ्या कुंडीतून वर काढलं. योशिहारू म्हणाला, ‘आई, तू बस, मी करतो.’ मी त्याला सांगितलं, तू कुंडी घास. हे झाड मी करणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गुमान कुंडी घासायला गेला. त्याला वाटलं असेल, आजोबांचं झाड म्हणून म्हातारी हळवी झाली. मी हळवी झाले नव्हते. ह्या बागेतली एकूण एक झाडं माझ्या हाताखालून गेलीत, फक्त ते एक नाही. बाबांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता. पाणीसुद्धा ते स्वतः घालायचे. मी झारी घेऊन फळीफळीनं यायची, त्या झाडापाशी आले की झारी खाली ठेवून त्याला वळसा घालून पुढं जायची. रोज सकाळी. तू तेव्हा दप्तर घेऊन फाटकातून बाहेर पडायचीस.

मुळं आकडीनं सोडवली. कडेची कापली. पाइनची सगळी माती काढत नाहीत, बुंध्याखालची जुनी माती तिच्या पांढऱ्या बुरशीसकट तशीच ठेवतात, नाहीतर झाड मरतं. तुमच्या माळ्यांना एवढं कळत होतं म्हणून अजून जिवंत आहे. त्या मधल्या गोळ्यात जाड वाळूचे दाणे होते. नदीवरची वाळू, बाबा चाळून आणायचे ती. आता कुणी वापरत नाही. ती बघून मला रडू आलं असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मला घाम आला होता, आणि राग आला होता.

आता ऐक. तुझ्या मुलाच्या तोंडून अर्धंमुर्धं ऐकलं असशील, पण माझ्याकडून नीट ऐक.

झाड कुंडीत बसवताना मी ते फिरवलं.

तुमच्या घरात ते ज्या तोंडानं बसत आलंय, ती त्याची पाठ आहे. तुझ्या यजमानांनी पहिल्यांदा कुंडी बदलली तेव्हा घाव झाकायला ते पाठमोरं बसवून घेतलं. पाठमोरं झाड म्हणून आजवर तुमच्याकडच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. आता बाबांच्या कुंडीत बाबांनी बसवलं होतं तसं ते परत बसलंय. जिथं पहिली फांदी असायला हवी, सगळ्यात खालची, सगळ्यात जाड, तिथं मोकळी जागा आहे आणि बुंध्यावर सालीचा ओठ वळलेला मोठा घाव आहे. तो समोर आहे. लपवायला मी एक सुईसुद्धा पुढं ओढलेली नाही.

आणि कुंडीच उलटी फिरवून ठेवू, असं मनात आणू नकोस. झाड थोडं पुढं झुकवून बसवलंय, बसवतात तसं. फिरवून ठेवलंस तर भिंतीला नमस्कार करेल आणि पाहुण्यांकडे ढुंगण करेल.

रित्सुकोचा फोन आला. तिला म्हटलं, झाड छान आहे, येऊन बघा. मग तुझा ताकेहिको आला. फेरीबोटीतून उतरून थेट इथं, आणि सोबत कोण? पलीकडच्या बागेतला कामेदा. म्हणजे माझ्याशी जन्मभर ज्याचं पटलं नाही तो माणूस शोधून आणला. तुझं डोकं चालतं अजून. ताकेहिको झाडाला वळसा घालून माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. ‘मावशी, झाड उलटं बसलंय.’ मी म्हटलं, तुमच्याकडे उलटं बसलं होतं बाबा, आता सुलटं झालंय. त्यानं कामेदाकडे पाहिलं. ‘फिरवून द्या. काय लागेल ते देतो.’

कामेदा म्हातारा उकिडवा बसला. खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मला वाटलं, गेलं. एवढ्या वर्षांची हौस फेडून घ्यायची त्याला आयतीच संधी होती. माझ्या बागेत, माझ्या मुलासमोर, माझं काम उपटून दुसरं करायचं. तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, ‘एका वसंतात दोनदा मुळं उघडतो त्याला माळी म्हणत नाहीत, खाटीक म्हणतात. मी नाही हात लावणार. आणि ह्या बाईनं बसवलंय तेच ह्याचं तोंड आहे.’ ताकेहिकोनं विचारलं, मग पुढच्या वर्षी? कामेदा म्हणाला, ‘आता ह्याची मुळं कैक वर्षं उघडायची नाहीत. इतक्या जुन्या झाडाची तर नाहीच. तोवर तुम्ही आहात. आम्ही म्हातारी माणसं असू न असू.’

मला त्या वेळी कामेदाला जेवायला बसवावंसं वाटलं. पण त्याला गप्प बसवत नाही. जाता जाता तुझ्या मुलाचं सांत्वन करायला निघाला, घावानं झाडाला गोडी येते, जखम भरून आली की तिच्यातच सौंदर्य असतं, वगैरे. मी म्हटलं, गोडी रश्श्यात असते कामेदा. घाव म्हणजे घाव. ज्याला नाही त्यानं त्याचं कौतुक करावं. मग तो गेला.

सुएनो, तुझा मुलगा वाईट नाही. फाटकापाशी थांबून त्यानं मला हळूच विचारलं, ‘पण मावशी, फांदी मोडली कशी? आई म्हणते, वादळात गेली.’

वादळात.

मी त्याला काही सांगितलं नाही. मुलाला आईची गोष्ट मावशीनं सांगू नये. आईनं सांगावी. तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते, आणि आठवत असेल तर ताळा करून बघ.

उन्हाळ्याची सुट्टी होती. भरदुपारी किर्र करणारे ते उन्हाळी किडे सगळे त्या बाजूच्या फळीवर ओरडत होते. त्यातला एक त्या पाइनवर बसला होता, शेंड्याच्या जरा खाली. तू फळीवर चढलीस. मी विहिरीपाशी भांडी घासत होते, तिथून ओरडले, उतर खाली. तू किडा पकडायची, टोकाला चीक लावलेली काठी वर केलीस, पाय सरकला आणि पडू नये म्हणून तू फांदीला धरलंस. फांदी सालीसकट खाली फाटत आली. मी धावत आले. तू उतरलीस, तुला खरचटलंही नव्हतं. तुझ्या हातात किडा ठेवायचा पिंजरा होता. तू तो माझ्याकडे केलास.

‘ताई, जरा धर.’

मी धरला. नाक पुसायचं असेल, असं वाटलं मला. तेवढ्यात बाबा आले. त्यांना काय दिसलं? फांदी जमिनीवर आणि पिंजरा माझ्या हातात. मी सांगितलं, मी नाही, सुएनो चढली होती. बाबांनी तुला विचारलं. तू काही बोलली नाहीस, नुसती माझ्याकडे बघून रडायला लागलीस. छान रडायचीस तू, आवाज न करता. आई म्हणाली, थोरली असून धाकटीवर ढकलतेस? झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. बाबा मारकुटे नव्हते, त्यांनी मारलं नाही. म्हणाले, जिच्या हाताला झाडाची कदर नाही तिनं आधी पाणी घालायला शिकावं. आमच्यात पाणी शिकायला तीन वर्षं धरतात. तीन झाली, पुढचीही झाली, शाळेचं नाव कुणी काढलं नाही. बागेला बिनपगारी हात मिळाला होता, तो कोण सोडतो. तू मुलींच्या मोठ्या शाळेत गेलीस. तुझं अक्षर बघायला लोक घरी यायचे. बेटावरच्या सॉसवाल्यांकडून मध्यस्थीण आली ती थोरलीसाठी आली होती, तुला हे कुणी सांगितलं होतं का? त्यांना गिऱ्हाइकांना पत्रं लिहू शकेल अशी सून हवी होती. मला चहा ठेवायला आत पाठवलं आणि तुला बाहेर बसवलं. त्याचं मला फारसं काही नाही. तुझ्या यजमानांची हनुवटी मला कधीच आवडली नव्हती, आणि मला जो घरजावई मिळाला तो पाणी चांगलं घालायचा. पण लग्नात झाडही तुलाच गेलं. जिनं मोडलं तिलाच. बाबा म्हणाले, हात्सुएसमोर ते नको, तिला रोज आठवण होईल.

हे सगळं मी गिळलं असतं. खरंच सांगते. शाळा न शिकलेल्या काय मी एकटी आहे? इथल्या माझ्या वयाच्या निम्म्या बायका माझ्यासारख्याच. लग्नं मोडतात, झाडं जातात. माणूस म्हातारा झाला की अशा गोष्टी चघळायलाही दात राहत नाहीत. मी इतक्या वर्षांत तुझ्या बेटावर पाय ठेवला नाही तो ह्यासाठी नाही.

कशासाठी ते तुला ठाऊक आहे. मी लिहिणार नव्हते. हा कागद मी कालच संपवून पाकिटात घातला होता, आज पुन्हा उघडला.

बाबांच्या शेवटच्या दिवशी तू उशाशी होतीस, मी पायाशी. डॉक्टर गेले होते. पाण्याची वाटी तुझ्या मांडीशी होती, ओला कापूस तुझ्या हातात होता, तू त्यांच्या ओठांना लावत होतीस. बाबांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. मी तुझ्या शेजारी येऊन बसले, तुझी माझी गुडघ्याला गुडघा. ते म्हणाले, ‘हात्सुए, त्या फांदीचं मी मनात ठेवलेलं नाही. तुला माफ केलं.’

मी तुझ्याकडे पाहिलं. तू वाटीत पाहिलंस.

एक शब्द लागला असता, सुएनो. ‘मी’ एवढाच. माणूस मरत होता, तो तुला मारणार नव्हता, शाळेतून काढणार नव्हता, तुझं लग्न मोडणार नव्हता. तू कापूस पुन्हा बुडवलास, पिळलास, आणि त्यांच्या ओठांना लावलास. मी म्हणाले, ‘बरं, बाबा.’ मरणाऱ्याशी मी काय वाद घालत बसणार होते? माझा बाप मला माफ करून गेला. जे मी केलं नाही त्याबद्दल. मला ती माफी परतही करता आली नाही. आणि लोक म्हणाले, धाकटीच्या हातचं शेवटचं पाणी मिळालं, भाग्यवान म्हातारा.

म्हणून झाड फिरवलं. आता तुला कळलं असेल.

आणखी एक सांगते, म्हणजे माझ्याबद्दल तुझा काही गैरसमज राहणार नाही. कुंडी बदलल्यावर झाड आडोशाला ठेवलं होतं. कापलेल्या मुळांना खत म्हणजे जखमेवर तिखट, हे मला झोपेतही माहीत आहे. एक दिवस मी मोहरीच्या पेंडीचे गोळे ओंजळीत घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. मातीवर ठेवले असते आणि पाणी घातलं असतं तर उन्हाळ्यात सुया तांबड्या पडल्या असत्या. कुणाला कळलं नसतं, जुनं झाड, कुंडी बदल सोसला नाही, असंच म्हटलं असतं. मी गोळे परत टोपलीत टाकले. दया आली म्हणून नव्हे. झाड मेलं असतं तर तू दोन दिवस रडली असतीस, आवाज न करता, आणि सगळं बेट तुझं सांत्वन करायला आलं असतं. मेलेलं झाड गप्प बसतं. मला ते जिवंत हवंय. माझ्यानंतरही जगलं पाहिजे, तुझ्यानंतरही. म्हणून मी त्याची अशी निगा राखलीय, जशी पोटच्या पोराची राखली नाही. वाऱ्यात ठेवलं नाही, पावसात ठेवलं नाही, माती फिकी पडली की पाणी, नाही पडली तर नाही. एप्रिलच्या शेवटी कोंब वर सरकले, मेणबत्त्यांसारखे. आता त्यांच्या सुया सुटायला लागल्यात. मुळं धरली. झाड प्रवासाला तयार आहे.

योशिहारू येत्या शनिवारी गाडी घेऊन बोटीतून येईल. पत्र आधी टपालानं पाठवतेय. तुला मधे दिवस मिळतील. पळायचं असेल तर पळ, पण तुझं बेट केवढंसं आहे ते मला माहीत आहे.

पुढची काळजी कशी घ्यायची ते लिहिते. ह्यातलं एक जरी चुकलं तर झाड खंगेल आणि मग कामेदासकट सगळे म्हणतील, घरातल्या माणसांनी घालवलं.

झाड बुंध्याला धरून उचलायचं नाही. कुंडीला धरायचं, दोन्ही हातांनी. कुंडीच्या भोकांतून तार काढून झाड बांधलंय, ती तार वर्षभर कापायची नाही. हललं की नवी मुळं तुटतात. समुद्राकडचा वारा लागेल अशा जागी ठेवायचं नाही. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. खत मी योशिहारूबरोबर शरद ऋतूत पाठवेन, तोवर तुमच्या कोठारातली कसलीही पेंड त्याच्या आसपास नको. ह्या वर्षी कोंब खुडायचे नाहीत, सुया उपटायच्या नाहीत, तारा घालून वळवायचं नाही. शोभेपेक्षा जीव मोठा. कोनाड्यात सोहळ्याच्या दिवशी ठेवायचं, संध्याकाळी परत बाहेर. घरातल्या हवेत ते गुदमरतं.

पाणी हे मुख्य. रोज सकाळी बघायचं. वरची माती बोटानं चाचपायची, फिकी आणि कोरडी लागली तर झारीनं हलकं, पावसासारखं, खालच्या भोकांतून स्वच्छ वाहीपर्यंत. उन्हाळ्यात दुपारनंतर पुन्हा बघायचं. हे सुनेनं करायचं नाही. रित्सुकोला कामं आहेत आणि तिचा काही गुन्हा नाही. नोकरानंही नाही. हे तू करायचं, सुएनो. झाडासमोर उकिडवं बसायचं, घाव डोळ्यांच्या बरोबर समोर येईल, तसंच बसवलंय मी ते, आणि पाणी घालायचं. गुडघे दुखतील. माझे दुखतात. पहिलं वर्ष हात वळत नाही, दुसऱ्या वर्षी कळायला लागतं, तिसऱ्या वर्षी म्हणे जमतं. तू हुशार आहेस, तुला लवकर जमेल. सोहळ्याला सगळे म्हणतीलच, अजून खूप वर्षं जगा. मीही म्हणते. खूप जग.

आता सोहळ्याचं. मी येणार नाही. माझ्यासाठी जेवणाचा डबा पाठवू नकोस. पण कोण कोण येणार ते रित्सुकोनं मला सांगितलंय. मंदिराचे बुवा, वखारवाले, शाळेतल्या तुझ्या मैत्रिणी, आणि आमच्या किनाशीचे चार बागवाले. कामेदाही. पाइन बघायला माणूस उभा राहिला की त्याची नजर आधी मुळांवर जाते, मग बुंध्यावर, आणि बुंध्यावरून थेट पहिल्या फांदीवर. तिथं फांदी नाही. कुणीतरी विचारणारच. बुवा विचारतील, त्यांना चौकशा फार. तू नवा किमोनो घालून झाडाच्या बाजूला बसलेली असशील. ताकेहिको पुढं होऊन ‘वादळ’ म्हणायला तोंड उघडेल. त्याला हातानं थांबव. सुनेकडे बघू नकोस. वाटीत बघू नकोस.

ते विचारतील, ह्याची पहिली फांदी कुठं गेली? मला पत्राचं उत्तर नको आहे, कागद फुकट घालवू नकोस. उत्तर त्यांना दे. सगळ्यांसमोर दे, मोठ्यानं, आणि तुझ्या स्वतःच्या तोंडानं दे. ह्या वेळी पिंजरा धरायला तुझ्या शेजारी कुणी असणार नाही.

तुझी थोरली बहीण,
हात्सुए

मुलानं द्यायचं नाही, सुनेनं द्यायचं नाही. उत्तर तू द्यायचं.